नवव्या मिनिटाला खोकतं कोण?

नमस्कार भाऊ,

आधी एक विचारते. तुमच्या ध्वनिफितीत नवव्या मिनिटाला एक पुरुष खोकतो. तो कोण?

तुमचे वडील असावेत असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुम्ही विचारलेल्यातलं निम्मं उत्तर त्या खोकल्यातच आहे. पण ओळीने जाऊ, कारण तुमचा प्रश्न न वाचता हे उत्तर वाचणारेही असतील.

तुमची आजी ८१ वर्षांची, गाव पांझरा नदीच्या काठचं. तिने चौदा मिनिटं एक अहिराणी गाणं म्हटलं. मोठ्या घरची लेक आणि त्याच घरचा सालदार यांचं एकमेकांवर मन जडतं. घरचे घाईघाईने तिचं लग्न दुसऱ्या गावी लावून देतात. पुढे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाऊ मुऱ्हाळी होऊन दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन येतो, बहिणीला माहेरी आणायला निघतो, वाटेत नदी लागते. आजीच्या गाण्यात नदीला पूर येतो, बहीण वाहून जाते, भाऊ काठावर रडत बसतो. तुमची आत्या मात्र म्हणते की पूरबीर काही नव्हता, भावानेच तिला डोहात लोटलं. तुम्हाला हे कॉलेजच्या एकांकिकेत घ्यायचं आहे. मूळ शेवट कोणता, ही घटना खरी का, आणि शेवट गोड केला तर चालेल का, हे तुम्ही विचारलंत.

माझी ओळख थोडक्यात. शिरपूर आणि शिंदखेडा तालुक्यांतल्या शाळांत २८ वर्षं शिकवलं, आणि सुट्टीत बायकांची गाणी उतरवून घेतली. पीएच.डी. वगैरे नाही. वह्या आहेत. (तुम्हाला भाऊ म्हणते आहे ते आपल्याकडच्या रीतीने. या गाण्यात तो शब्द जरा जड होतो, त्याला इलाज नाही.)

मला वाटतं, "मूळ शेवट कोणता" हा तुमचा खरा प्रश्न नाही. एकाच घरातल्या दोन बायका एकाच गाण्याचे दोन शेवट म्हणतात, मग त्यातली एक काहीतरी लपवते आहे का, हे तुम्हाला सलतं आहे. ते विचारणं बरोबर आहे. फक्त "लपवणं" हा शब्द मी वापरणार नाही.

आता फीत. नवव्या मिनिटापर्यंत आजी जी चाल धरते ती झोक्याची आहे. दोन लहान ओळी, एक जाण्याची, एक येण्याची, आणि शेवटी "वं". आखाजीला निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसल्याशिवाय ही चाल नीट कळत नाही, दोर मागे येतो तेव्हाच श्वास घेता येतो. खोकल्यानंतर ती चाल मोडते. पुढचा सगळा पूर ओवीच्या चालीत आहे, साडेतीन चरणांत, जात्यावर बसल्यासारखा. एकाच गाण्यात झोका आणि जातं अशा दोन चाली मी फार क्वचित ऐकल्या आहेत, आणि ऐकल्या तेव्हा बहुतेक वेळा दोन गाणी एकमेकांना जोडलेली निघाली.

दुसरं, भाषा बदलते. आधी आजी "भाऊ उना" म्हणते, "दिन गया" म्हणते, "से" म्हणते. पुराच्या भागात "पूर आला", "वाहून गेली", "आहे". म्हणजे तो तुकडा तिच्याकडे भजनातून, शाळेतून किंवा दुसऱ्या कुणाकडून मराठीतच आला असावा.

तिसरं तर कुठल्याही शेतकऱ्याच्या लक्षात येईल. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. वैशाखात पांझरेला पूर कुठून येणार? त्या दिवसांत नदीच्या वाळूत डांगरांच्या (खरबुजांच्या) वाड्या असतात, बाया झिरे खोदून वाटी-वाटीने हंडा भरतात. पाणी असतं ते फक्त डोहात. म्हणून आत्याचा डोह ऋतूला धरून आहे आणि आजीचा पूर नाही. पूर हा श्रावण-भाद्रपदातल्या गाण्यांचा माल आहे, कानबाईच्या किंवा गुलाबाईच्या सणातल्या एखाद्या गाण्यातून उचलून इथे बसवलेला.

आता सावधगिरीचं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसू शकतं. पुण्याहून आलेल्या नातवाला कळावं म्हणून आजी आपोआप मराठीकडे झुकली असेल. दम लागला म्हणून झोक्याची चाल सोडून ओवीची संथ चाल धरली असेल, ८१ व्या वर्षी ते साहजिक आहे. तीच ओवीची चाल तिच्या आईने तशीच शिकवली असेल. एकेक लक्षण सुटं असतं तर मी गप्प बसले असते. पण तिन्ही एकाच जागी, आणि तीही खोकल्यानंतर लगेच, म्हणून बोलते आहे.

आजी ते गाणं मुलासमोर म्हणत होती. गाण्यात भाऊ बहिणीला मारतो. तुमचे वडील हे तुमच्या आत्याचे भाऊ. मुलगा दारात उभा असताना कोणती आई म्हणेल, की मुऱ्हाळी म्हणून आलेल्या भावाने बहिणीला डोहात लोटलं? तिने पूर आणला. पूर आला की घरातल्या कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. आत्याने तेच गाणं आईकडून बहुधा स्वयंपाकघरात किंवा झोक्यावर ऐकलं असेल, जिथे पुरुष नव्हते. म्हणून तिच्या गाण्यातला भाऊ मारतो.

हे मला एकदम सुचलेलं नाही, एकदा चांगली फजिती झाली त्यातून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी मला एका पुढाऱ्याच्या ओट्यावर बसवलं, गावच्या चार बायका बोलावून आणल्या, आणि समोर बारा-पंधरा पुरुष. बायकांनी गायलेलं सगळं गोड. भाऊ देवासारखा, सासू आईसारखी. मी खुशीत वही भरून घरी आले. पाच-सहा वर्षांनी त्याच गावी बिबडे (ज्वारीचे पापड) घालायच्या दिवसांत गेले होते. पहाटे ज्वारीचं पीठ शिजत होतं, अंगणात खाटेवर धोतर पसरून बायका बिबडे टाकत होत्या, एकही पुरुष उठलेला नव्हता. त्याच चौघींतली एक तेच गाणं म्हणायला लागली आणि त्यात सासूने सुनेच्या भाकरीत काय कालवलं ते सुरू झालं. मी म्हटलं, मावशी, तेव्हा हे म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "तव्हय तू माणसांमा बसेल व्हती." तेव्हापासून प्रत्येक गाण्याखाली मी गाणारणीचं नाव, गाव आणि तारखेसोबत एक रकाना जास्त ठेवते: कोण ऐकत होतं.

जात्यावरच्या ओव्यांचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं संकलन हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी उभं केलं, एक लाखाच्या वर ओव्या. त्यात ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त आहे. मी ती तिथूनच उचलली. कोण ऐकत होतं हा रकाना मात्र बिबड्यांच्या अंगणातला.

म्हणून मूळ शेवट कोणता, याचं माझं उत्तर: ऋतू, चाल आणि भाषा पाहता डोहाचा शेवट या गाण्याचा स्वतःचा वाटतो, पूर बाहेरून आलेला वाटतो. पण पूर खोटा नाही. आजीने तो त्या क्षणी त्या खोलीसाठी निवडला, आणि मुलाचं मन सांभाळून गाणं पुरं करणं हे गाणारणीचं कसब आहे.

आता गाण्याच्या पोटात शिरू, कारण तुम्ही उतरवून पाठवलेल्या शब्दांत दोन-तीन जागा निसटल्या आहेत आणि त्या सुटल्या तर एकांकिका उभी राहणार नाही.

तिसऱ्या मिनिटाला तुम्ही "रातनी पायी" असं लिहून कंसात "रात्री पायी चालत" असा अर्थ दिला आहे. तो पायी नाही. अहिराणीत ळ चा य होतो: डोळा तो डोया, केळी ती केयी. "रातनी पायी" म्हणजे रात्रीची पाळी, पाण्याची. पांझरेवर फड बागायतीची जुनी रीत होती. गावाचा बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि शेताला पाळीने पाणी. पाळी रात्रीची आली की मालक घरी झोपणार आणि बांधावर सालदार जाणार. मुलगी आणि सालदार भेटतात ती जागा एवढ्या एका शब्दात सांगून झाली आहे. तुम्ही मात्र दोघांना रात्रीचं रस्त्याने चालवत नेलंत.

मग सालदार. पुण्यात वाढलेल्याला हा शब्द नुसता "गडी" वाटेल. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला माणूस, आणि खान्देशात त्याचं साल आखाजीपासून आखाजीपर्यंत असतं. लग्नाकार्याला, दुखण्याखुपण्याला मालकाकडून उचल घ्यायची आणि वर्षभर राबून ती फेडायची. फिटली नाही तर पुढचं सालही तिथेच. दुसऱ्या मालकाकडे जायचं तर आधी बाकी कुणीतरी भरावी लागते.

आता आखाजी काय आहे ते पुन्हा पाहा. पितरांची घागर भरतात, त्यावर डांगर ठेवतात, सांजोऱ्या तळतात, पुरुष पत्ते कुटत बसतात, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात. लेक ज्या दिवशी घरी येते त्याच दिवशी सालदाराचं साल संपून त्याला घर सोडता येतं. हे ज्या कुणा बाईने पहिल्यांदा गाण्यात घेतलं तिला मी मनातल्या मनात नमस्कार करते. तुमच्या गाण्यात दोन आखाज्या आहेत, तुम्ही त्या एकच धरल्या. पहिल्या आखाजीला ती नवी नवरी म्हणून माहेरी येते आणि तो साल बदलून जातो. पाचव्या मिनिटाला आजी त्या नव्या गावाचं नाव घेते. ते मुलीच्या सासरचं गाव आहे. दुसऱ्या मिनिटाला लग्नाच्या वेळी तेच नाव आलं आहे, पुन्हा ऐका. दुसऱ्या आखाजीला भाऊ दमणी जुंपतो. मधलं अख्खं वर्ष गाण्यात नाही.

त्याची बाकी कोणी भरली? गाणं सांगत नाही. पण दमणीतल्या संवादात जाऊ.

तिथे बहीण एकामागून एक विचारत जाते. दमणीत कुऱ्हाड कशाला? बाभूळ तोडायला. नवा दोर कशाला? तुझ्या झोक्याला. ती म्हणते, "भाऊ, हाई वाट मायना घरनी नही." तो म्हणतो, पुढल्या गावाला जत्रा आहे, तुला बांगड्या भरू. अशी चार-पाच वेळा तीच घडी पडते, दर वेळी एक वस्तू बदलते, आणि ऐकणाऱ्या बायकांना तिच्या आधी कळलेलं असतं. एवढ्या सगळ्यात भाऊ फक्त एकदाच उलटा प्रश्न विचारतो: "बहीन, तुना गोट कोठे?" तिच्या हातात गोट, म्हणजे भरीव कडी, नाहीत. तुम्ही टीप लिहिलीत की बहुधा चोरीचा संदर्भ असावा.

मला तसं वाटत नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी सालदाराची बाकी भरली, आठव्या मिनिटाला मुलीच्या हातात गोट नाहीत. गाणं या दोन गोष्टी जोडत नाही, आणि बायकांची गाणी जोडून सांगतही नाहीत. जोडणारी बाई झोक्याखाली उभी असते. मी तिथे उभी राहून जोडते: तिने गोट मोडून त्याची बाकी फेडली, आणि भावाला ते बाजारात सोनाराकडून किंवा कुणाकडून तरी कळलं. दुष्काळाच्या सालात गोट गहाण पडले असाही अर्थ लागू शकतो, कारण आपल्याकडे तेही रोजचंच. तुमच्या आत्याला विचारा. "गोटांचं काय झालं" असं सरळ नका विचारू, कसं विचारायचं ते पुढे सांगते.

जातीबद्दल. "दोघांची जात वेगळी होती का" असं तुम्ही ओझरतं विचारलंय. गाण्यात जातीचं नाव नाही, आणि ते काही योगायोगाने राहिलेलं नाही. सालदारकी करणाऱ्यांत आपल्याकडे भिल्ल समाजाची माणसं खूप होती. शहाद्याला १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती आदिवासी मजूर आणि सालदारांच्या प्रश्नांवरच. पण गरीब भाऊबंदांतले, त्याच जातीचे सालदारही असायचे, आणि एकाच कुळातलं प्रेम काही घरांना परजातीपेक्षाही जास्त झोंबायचं. गाण्यात खूण एकच आहे: मुलगी त्याला भाकर देते तेव्हा "वरथून" देते, वरून, हाताला हात न लावता. ही शिवाशिवीची खूण असू शकते, किंवा चारचौघांत दाखवायची नुसती लाज. मी यावर छातीठोक बोलणार नाही. एकांकिकेत त्याला नाव-आडनाव देऊ नका. जात ठरवलीत तर गाणं लहान होईल आणि भांडण मोठं.

आणि सालदार पाचव्या मिनिटानंतर दिसतच नाही, हे लक्षात आलं का तुमच्या? त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. हे गाणं माहेरच्या बायकांचं आहे, त्याच्या आईबहिणींचं नाही. त्याच्या वस्तीवर याच गोष्टीचं दुसरं गाणं असलंच तर ते भिलीत किंवा पावरी वाद्याच्या सुरावर असेल, आणि ते तुमच्या आजीच्या ओट्यापर्यंत येणार नाही. मंचावर त्याला लांबलचक भाषण देण्याचा मोह होईल. टाळा. रिकामी जागा रिकामीच दिसू द्या.

घटना खरी का? याच दमणीचं, याच कुऱ्हाडीचं आणि याच दोराचं गाणं मी आणखी चार गावांत ऐकलंय, आणि चारही ठिकाणी बायकांनी मला हात करून डोह दाखवला: "हाऊच तो." कुठे बोरी नदीत, कुठे तापीत, एक तर चक्क कोरड्या नाल्यात. गाणारीण गाणं आपल्या गावात आणून ठेवते, नवऱ्याचं नाव, नदीचं नाव बदलते. म्हणून गाण्यातल्या गावाच्या नावावरून गुन्हा शोधायला निघू नका. काळही तसाच. तुमच्या गाण्यात "धुयानी गाडी" येते आणि तुम्ही म्हणता की गाणं १९०० नंतरचं असलं पाहिजे, कारण चाळीसगाव-धुळे लोहमार्ग त्या साली सुरू झाला. बरोबर, पण त्यावरून फक्त ती ओळ १९०० नंतरची ठरते. बाकी गाणं कितीही जुनं असू शकतं. झोक्यावर दर आखाजीला एखादी पोर नवी ओळ घालतेच.

मात्र "खरं नाही" असंही मी म्हणणार नाही. चार गावांतल्या बायका एकच गाणं आपलं म्हणून धरून ठेवतात ते उगाच नव्हे.

इथे माझी एक चूक सांगते, तुमच्या उपयोगाची आहे. याच धाटणीचं एक गाणं मी एका स्मरणिकेत छापलं, गावाच्या नावासकट, गाणारणीच्या नावासकट. मला वाटलं, मावशीला मान मिळेल. त्या गावातल्या एका घराने ते आपल्या पणजोबांवर ओढून घेतलं. मारामारी वगैरे झाली नाही, एवढंच झालं की मावशीच्या मुलाला कुणीतरी पारावर दोन शब्द सुनावले. त्या आखाजीपासून मावशी झोक्याजवळ आली नाही. मी दोनदा गेले, तिने चहा पाजला, बिबडे बांधून दिले, गाणं म्हटलं नाही. तिच्याकडे अजून किती होती ते मला कधी कळलं नाही. ती गेली.

म्हणून प्रयोगात गावाचं आणि नदीचं नाव बदला. आजीची फीत जशीच्या तशी समाजमाध्यमांवर टाकण्याचं तुम्ही लिहिलंत, तर ते आजीला तिच्या भाषेत नीट सांगून, तिच्या होकाराने. लोकगीताला कुणी एक मालक नसला तरी आजीच्या गाण्यावर गाणारीण म्हणून तिचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क वेगळा मानला आहे आणि तो ५० वर्षं राहतो. कायद्याचं सोडा, नवव्या मिनिटाला जी बाई मुलासाठी पूर आणते तिला ही फीत सगळ्या भाऊबंदांच्या मोबाइलवर जाणार हे आधी माहीत असायला हवं.

गोड शेवट. करा हवं तर, गाणं कुणाची जहागीर नाही, आजीनेही बदललाच की. पण दमणीतल्या प्रश्नोत्तरांचं काय कराल ते आधी ठरवा. कुऱ्हाड, दोर, चुकीची वाट, गोट, ही उतरण एकाच जागी जाते. ती सगळी ठेवून शेवटी भावाचं मन पालटलं आणि सगळे जेवायला बसले, असं दाखवलंत तर प्रेक्षक हसतील. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने तसं केलं होतं, हसले. गोड करायचं असेल तर दमणी निघण्याच्या आधी करा: तिला सासरीच कळू द्या, तिला दमणीत बसूच देऊ नका. किंवा मला विचाराल तर दोन्ही शेवट ठेवा, एक नटी झोक्याच्या चालीत, दुसरी ओवीच्या. आणि मधे तो खोकला. पण ते तुमचं काम, मी गाणी गोळा करणारी बाई आहे, नाटकवाली नव्हे.

आता पुन्हा ध्वनिमुद्रण करणार असाल तर माझी पद्धत. वडील शेतात किंवा गावाला गेलेले असताना, दुपारी, आत्या सोबत असताना बसा. मोबाइल आजीच्या पुढ्यात नको, बाजूला धान्याच्या डब्यावर ठेवा, पण चालू आहे हे सांगा. "शेवट सांग" म्हणू नका. हाताला काम द्या, शेंगा फोडा, डाळ निवडा. मग तुम्ही स्वतः गाणं म्हणायला लागा, आणि चुकीचं म्हणा. "बहीन, तुनी नथ कोठे?" म्हणा. नथ ऐकून आजी गप्प बसणार नाही, "नथ नही रे, गोट!" म्हणेल आणि तिथून तीच पुढे नेईल. सरळ विचारून जे मिळत नाही ते चुकीचं गाऊन मिळतं, हे मी शंभरदा केलेलं आहे. आणि त्यातही तिने पूरच आणला तर पूर लिहून घ्या आणि उठा. तिसऱ्यांदा बसू नका.

एक राहिलं. आठव्या मिनिटाच्या शेवटापासून नववं मिनिट कानाला लावून पुन्हा ऐका. सुरुवातीपासून आजी मांडीवर हात मारून ठेका धरते आहे, म्हणून बांगड्या वाजताहेत. मला आधी वाटलं, खोकला आला आणि बांगड्या थांबल्या. तसं नाही. "तुना गोट कोठे" ही ओळ संपते तेव्हाच बांगड्या थांबतात. खोकला त्यानंतर दोन ओळींनी येतो.